टेक लीड घरातला की बाहेरचा: आधी सांगा, केटी कोण देणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली ४० माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने. काम म्हणजे ऊसनोंद, तोडणीचा कार्यक्रम, ऊस तोलायचा काटा आणि शेतकऱ्यांची बिलं. टेक लीड, म्हणजे तांत्रिक टीमचा प्रमुख, सप्टेंबरअखेर जर्मनीला चाललाय. आत एक सीनियर डेव्हलपर आहे. तिला ९ वर्षं झाली, कामाला चोख, पण मालकांच्या शब्दांत "पुढं येऊन बोलत नाही, कारखान्याच्या चेअरमनसमोर तर नाहीच. शिवाय लहान मूल आहे." दुसरीकडे पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीतला आर्किटेक्ट (सॉफ्टवेअरची रचना ठरवणारा) मिळतोय. १४ वर्षांचा अनुभव, क्लाउड, मायक्रोसर्व्हिसेस असल्या नव्या तंत्रांची माहिती, इंग्रजी फाडफाड, आणि मूळचा इचलकरंजीचा म्हणून परत यायला तयार. पगार तिच्या दुप्पट मागतो, नोटीस पिरियड ९० दिवसांचा. मालक विचारतात, कुणाला घेऊ?

माझं मत आधीच सांगून टाकते. तिला करा. आर्किटेक्टला नाही म्हणू नका, पण लीड म्हणून आणू नका, आणि आत्ता तर नकोच.

मी २००१ साली पुण्यात टेस्टर म्हणून लागले. डॉटकॉमचा फुगा नुकताच फुटला होता, मिळेल ती नोकरी धरायची असा काळ होता. आज खराडीतल्या एका प्रॉडक्ट कंपनीत इंजिनिअरिंग सांभाळते. लीड, मॅनेजर, आर्किटेक्ट अशा जागा भरायच्या निदान ६०-७० निर्णयांत माझा हात होता. त्यातले बरोबर ठरलेले मला फारसे आठवत नाहीत. चुकलेले मात्र नावानिशी आठवतात, म्हणून खाली जे लिहितेय त्यात चुकाच जास्त आहेत.

पहिल्यांदा कॅलेंडर काढा. ऑगस्ट लागतोय. पुण्याच्या गृहस्थांनी उद्या राजीनामा टाकला तरी ९० दिवस म्हणजे नोव्हेंबर उजाडला. बायआउटचे, म्हणजे उरलेल्या नोटिशीच्या बदल्यातले, पैसे भरायची तुमची तयारी असली तरी त्यांचा मॅनेजर अडून बसला की पूर्ण नोटीस भरावी लागते, हे मी किती वेळा पाहिलंय. दसऱ्याच्या आगेमागे कारखान्यांची बॉयलर पेटतात, मग गव्हाणीत, म्हणजे ऊस आत घेणाऱ्या पट्ट्यावर, पहिली मोळी पडते आणि नोव्हेंबरात काट्यावर ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. तुमचा लीड सप्टेंबरअखेर गेलेला. म्हणजे जाणारा आणि येणारा एकमेकांचं तोंडही बघणार नाहीत. मग नव्या माणसाला केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची सगळी माहिती) कोण देणार? तीच. जिला ती जागा मिळाली नाही, तिनंच ऐन हंगामात आपलं काम सांभाळून, दुप्पट पगारावर आलेल्या माणसाला तुमचं सॉफ्टवेअर शिकवायचं.

आणि तो येईलच कशावरून? ९० दिवसांची नोटीस म्हणजे आपली ऑफर खिशात ठेवून आणखी चार ठिकाणी मुलाखती द्यायला मिळालेली सवड. २०२२ मध्ये बाजार इतका तापला होता की इन्फोसिससारख्या कंपनीनं जून तिमाहीत कर्मचाऱ्यांची २८.४ टक्के वार्षिक गळती जाहीर केली होती. त्या वर्षी आमच्याकडे एका उमेदवाराचा लॅपटॉप तयार, ओळखपत्र छापलेलं, आणि सोमवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोन बंद. आता तेवढी गरमी नाही. पण सवय लागली ती लागली.

हे झालं वेळेचं. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. तिच्याबद्दल तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात, त्यातल्या दोन उण्या. त्याच्याबद्दल पगार आणि नोटीस सोडून पाच, आणि पाचही जमेच्या. त्याची एकही उणी बाजू तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही त्याला फार तर तीन तास भेटलात आणि ते तीन तास तो न्हाऊन-माखून आला होता. तिला तुम्ही ९ वर्षं रोज बघताय. सर्व्हर पडला त्या दिवशी ती रडवेली झालेली बघितलीय, चुकीचा पॅच गेला तो दिवस बघितलाय. घरच्या माणसाला आपण त्याच्या सगळ्यात वाईट दिवसाच्या मापानं मोजतो आणि बाहेरच्याला त्याच्या सगळ्यात चांगल्या तासाच्या. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. त्याच्या आत्ताच्या मॅनेजरला गाठून विचारलंत तर तोही म्हणेल, "हुशार आहे हो, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढचं वाक्य तुम्हाला ऑफर देण्याआधी कळणार नाही.

ही चूक मी स्वतः केलीय. साल २०१३. विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका टीमची मी मॅनेजर होते. लीडची जागा रिकामी झाली. आत साताऱ्याकडचा एक मुलगा होता, सहा वर्षं झालेला. सिस्टीमची शीर न् शीर ठाऊक, पण डेमोला उभा राहिला की कपाळावर घाम. मी बंगळूरहून एक जण आणला. सांगायला म्हणून याला 'राजगड' नावाच्या मीटिंग रूममध्ये बोलावलं (पुण्यात मीटिंग रूमना किल्ल्यांची नावं द्यायची फार हौस). त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, लॅपटॉप मिटला आणि एवढंच विचारलं, "मॅडम, मग नव्या सरांना केटी मीच द्यायची का?" मी म्हटलं, "अरे, तूच देशील ना." मला वाटलं, किती समजूतदार मुलगा आहे.

त्यानं केटी दिली. तीन आठवडे, ४६ पानांचं डॉक्युमेंट, कुठं काही लपवलं नाही. केटीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला राजीनाम्याची मेल आली. पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या जेवणाच्या टेबलावरचे आणखी दोघं गेले. बंगळूरचा माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. अभ्यासू होता, सभ्य होता. आल्यावर त्याला दिसलं की प्रीमियमच्या हिशेबाची रात्रीची बॅच (आपोआप चालणारं काम) दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू होते. कशाला? एकला सुरू केली तर सकाळी रिपोर्ट लवकर मिळतील. त्यानं वेळ बदलली. पावणेदोनला भागीदार कंपनीकडून एक फाइल यायची, ती आल्याशिवाय बॅच चालवायची नसते, हे ४६ पानांत नव्हतं. लिहिणाऱ्याला ते लिहायचं सुचलंच नाही. आपल्या घराची तिसरी पायरी उंच आहे हे कोण लिहून ठेवतं? सलग चार रात्रींचे हिशेब आदल्या दिवशीच्या फाइलवर झाले. तो अकरा महिन्यांत गेला. त्याचा माझ्यावर राग होता, आणि तो बरोबरच होता. अर्ध्या मोडलेल्या टीमवर मी त्याला आणून बसवलं होतं.

साताऱ्याचा तो मुलगा आता एका कंपनीत माझ्याच हुद्द्यावर आहे. मध्ये एकदा भेटला तेव्हा विचारलं, डेमोचं काय रे? म्हणाला, "डेमो आजपण मी देत नाही. टीममध्ये एक मुलगी आहे, ती झकास देते." लीडनं डेमो दिलाच पाहिजे हे २०१३ साली ठरवलं होतं मीच, त्या कामाला त्याची गरज नव्हती.

माझ्या एकटीच्या अनुभवावर तुम्ही विसंबावं असं नाही. व्हॉर्टन या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मॅथ्यू बिडवेल यांनी अमेरिकेतल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेच्या २००३ ते २००९ या काळातल्या नोंदी तपासल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. तसल्याच जागांवर बाहेरून आलेल्यांना आतून चढलेल्यांपेक्षा साधारण १८ टक्के जास्त पगार होता, पहिली दोन वर्षं त्यांचं मूल्यमापन कमी भरत होतं आणि सोडून जाण्याचं किंवा काढून टाकलं जाण्याचं प्रमाणही जास्त होतं. शिक्षण आणि अनुभव मात्र कागदावर बाहेरच्यांचाच जास्त. म्हणजे पैसे आपण मोजतो ते कागदावर दिसतं त्याचे. त्याच अभ्यासात हेही आहे की जे बाहेरचे दोन वर्षांच्या पुढं टिकले ते नंतर भराभर वर गेले. ती बँक होती, सॉफ्टवेअर कंपनी नव्हे. पण त्या दोन वर्षांची किंमत कोण भरतं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

तुमच्याकडे ही दोन वर्षं म्हणजे दोन हंगाम. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, घरी ऊस. काट्यावरून गाडी आली की बाबा पावती चष्म्याजवळ धरून आधी रिकाम्या गाडीचं वजन बघायचे, मग निव्वळ. आईनं ताट वाढलेलं असलं तरी पावती आधी. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायचं बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, चुकलं तर वर्षाला १५ टक्के व्याज. एफआरपी उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती साखर निघते त्यावर, ठरतो, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. तुमच्या बिलात एक आकडा हलला तर दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. हे सगळं कळायला निदान एक हंगाम काट्याच्या खोलीत रात्री काढाव्या लागतात.

आणि क्लाउड, म्हणजे सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चालवणं. तुम्हाला क्लाउड का हवंय हे तुमच्या प्रश्नात कुठंच नाही. रात्री अडीचला काट्यावरचं नेट जातं, बाहेर पन्नास ट्रॉल्या उभ्या असतात, तरीही पावती छापावीच लागते. नेट आलं की मागचा हिशेब जुळवून घ्यावा लागतो. हा भाग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असणारच, नाहीतर तुमचा धंदा पहिल्याच हंगामात बंद पडला असता. तो कुणी लिहिलाय? मी पैजेवर सांगते, एकतर जाणाऱ्या लीडनं, नाहीतर तिनं. ज्यानं आयुष्यभर चोवीस तास नेट गृहीत धरून डिझाइन केलंय तो माणूस पहिल्या महिन्यात हा भाग 'जुनाट' म्हणून काढायला निघेल. त्याचा दोष नाही. त्यानं काटा पाहिलेलाच नसतो.

आता उलट बाजू, कारण कायम घरचंच माणूस घ्या असं मी म्हणत नाही. घरातल्या कुणीही जी गोष्ट कधी नीट झालेली पाहिलेली नाही, तिच्यासाठी बाहेरून माणूस आणावा लागतो. याबाबतीत माझं मत पक्कं आहे आणि ते एका शुक्रवारी रात्री झालं. २०१७ मध्ये मी होते त्या कंपनीत रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करणं) म्हणजे सण असायचा. शुक्रवारी रात्री अकराला सगळे जमायचे, पिझ्झा यायचा, एका एक्सेलमध्ये ७३ पायऱ्या, एक जण मोठ्यानं वाचणार आणि दुसरा टाइप करणार. सत्यनारायणाच्या पोथीसारखं. आम्हाला त्याचा अभिमान होता! पेमेंटच्या क्षेत्रातून नव्यानं आलेली एक बाई त्या रात्री कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. एकतिसाव्या पायरीला तिनं विचारलं, "इथं चुकलं तर मागं कसं येता?" कुणीतरी म्हणालं, "मागं येत नाही मॅडम, पुढं जाऊन दुरुस्त करतो," आणि सगळे हसले. ती हसली नाही. आठ महिन्यांनी आमचे रिलीज बुधवारी दुपारी तीनला व्हायला लागले, आणि चहाला गेलेल्यांना ते कळायचंही नाही. आतल्या सगळ्यांची अक्कल एकत्र केली असती तरी हे झालं नसतं. आम्ही त्या एक्सेलमध्येच लहानाचे मोठे झालो होतो.

तिला मात्र आम्ही टीमचा लीड केलं नव्हतं. एक काम दिलं होतं: रिलीज सुधारा. लीड जुनाच होता आणि तिला आणायचा आग्रहही त्यानंच धरला होता. माझ्या मते तिचं जमलं ते या कारणानं, तिच्या हुशारीच्या खालोखाल.

घरचं माणूस घेऊनही फसतं, ते वेगळ्या तऱ्हेनं. आपल्याकडची जुनी खोड म्हणजे सगळ्यात चांगला कोड लिहिणाऱ्याला उचलून लीड करायचं. २००९ च्या आसपास आम्ही असंच केलं. नंतर लक्षात आलं की ज्युनिअर मुलं सकाळी येऊन बघतात तर त्यांचा कालचा कोड गायब. हा रात्री बसून सगळ्यांचं नव्यानं लिहून टाकायचा. मुलं कोमेजली. सहा महिन्यांनी त्याला बाहेर चहाला नेलं. म्हणाला, "मला परत कोडच लिहू द्या. पण घरी काय सांगू? स्थळं बघतायत, बायोडेटात टीम लीड लिहून झालंय." हसू नका, हे अडचणीचं खरं कारण होतं. मग आम्ही प्रिन्सिपल इंजिनिअर असा हुद्दा काढला, पगार तोच ठेवला, हाताखाली कुणी नाही. बायोडेटाला तेही चाललं. बेन्सन, ली आणि शू या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांमधल्या विक्रेत्यांवर केलेला अभ्यास वाचला तेव्हा मला हा मुलगाच आठवला. सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यांना मॅनेजर करायकडे कंपन्यांचा कल असतो, आणि नेमक्या अशाच मॅनेजरांच्या हाताखालच्यांची विक्री घसरते, असं त्यांना आढळलं.

म्हणून "ती कामाला चोख आहे" एवढ्यावर मी तिला करा म्हणणार नाही. दोन गोष्टी बघा. ज्युनिअर मुलं अडली की कुणाकडे जातात? लीडकडे की तिच्याकडे? हे कुणाला विचारायची गरज नाही, दोन दिवस ऑफिसात डोळे उघडे ठेवून बसलात की दिसेल. दुसरं, दुसऱ्याचा वेडावाकडा पण चालणारा कोड तिला तसाच राहू देता येतो का? ही दोन्ही उत्तरं नकारार्थी आली तर माझा सल्ला बदलेल: तिला प्रिन्सिपल करा आणि लीड म्हणून टीममधल्या दुसऱ्या कुणाचा विचार करा.

आणि सगळ्यात आधी, तिला हवंय का हे विचारलंत का? तुमच्या सबंध प्रश्नात तिचा एकही शब्द नाही. "लहान मूल आहे" हे तुम्ही लिहिलंत. हंगामात रात्री कारखान्यावर जावं लागतं म्हणून तुम्हाला काळजी वाटली असेल, हेतू चांगलाच असेल. पण हे ठरवायचं तिनं आणि तिच्या घरच्यांनी. तुम्ही तिच्या वतीनं मनातल्या मनात नकार देऊन मोकळे झालात. माझ्या बाबतीतही एकदा असंच झालं होतं. २००६ मध्ये ऑनसाइटची, म्हणजे परदेशात क्लायंटकडे जायची, संधी दुसऱ्याला दिली आणि मला नंतर सांगितलं, "तुझं नुकतंच लग्न झालं होतं ना, म्हणून नाही विचारलं." सासूबाई तर व्हिसा झाला का म्हणून विचारत होत्या! बरं, जाणारा लीड जर्मनीला चाललाय, त्याला मुलं आहेत का हे तुम्ही लिहिलेलं नाही. लिहायचं कारणही नव्हतं.

चेअरमनसमोर बोलत नाही म्हणता. ९ वर्षांत कितीदा चेअरमनसमोर नेलंत तिला? आजवर लीडच जात असणार. पुढच्या वेळी न्या. सादरीकरणाला उभी करू नका. मुख्य शेतकी अधिकाऱ्यांशेजारी बसवा आणि ऊसनोंदीत मागच्या हंगामात काय घोळ झाला यावर त्यांना बोलतं करा. ज्या विषयात आपल्याला समोरच्यापेक्षा जास्त कळतं तिथं गप्प माणूसही बोलतो. चेअरमनच्या शेजारी नंतर बसता येईल.

इथं बरेच जण मला मोठ्या कंपन्यांचे दाखले देतात, म्हणून तेही उरकते. सत्या नाडेला मायक्रोसॉफ्टमध्ये १९९२ ला लागले आणि २०१४ ला सीईओ झाले. टीसीएसनं २००९ पासूनचे तिन्ही सीईओ घरातलेच निवडले. विप्रोनं २०२० मध्ये बाहेरून आणला आणि २०२४ मध्ये १९९२ पासून आत असलेल्या श्रीनिवास पल्लियांकडे सूत्रं दिली. इन्फोसिसनं २०१४ मध्ये विशाल सिक्का बाहेरून आणले, ते तीन वर्षांत गेले. मग सलील पारेखही बाहेरूनच आणले, ते मात्र टिकले. यातून तुमच्यासाठी काय निघतं? माझ्या मते काहीच नाही. सीईओला काटा चालवायचा नसतो.

आता पुण्याच्या आर्किटेक्टचं. त्याला खरं ते सांगा: लीडची जागा घरातच भरतोय, पण आर्किटेक्ट म्हणून तुम्ही आम्हाला हवे आहात, एप्रिलमध्ये या. गाळप संपलेलं असतं, कारखाने दुरुस्तीला लागलेले असतात, तुमच्या मुलांना श्वास घ्यायला वेळ असतो. शिकायला याहून चांगले महिने नाहीत. तोवर तुमचं तुम्हालाही कळेल की क्लाउडवर काय न्यायचं आणि काय काट्याच्या खोलीतच ठेवायचं. गावी परतायचं त्यानं मनापासून ठरवलं असेल तर एप्रिलपर्यंत थांबेल. नाही थांबला तर त्याला कोल्हापूर नको होतं, नुसती वाढ हवी होती. मधल्या काळात शनिवार-रविवार सल्ला द्यायला या असं मात्र त्याला म्हणू नका. त्याच्या सध्याच्या कंपनीच्या करारात बाहेरचं काम बहुतेक मना असेल आणि तो अडचणीत येईल. नेमणुकीचं पत्र द्यायच्या आधी त्याची मुलाखत घेणाऱ्यांत ती असलीच पाहिजे. तिनं नको म्हटलं तर नको.

तिला "सध्या प्रभारी म्हणून बघ" असं सांगायचा मोह होईल. सरकारी खात्यांत माणसं प्रभारी म्हणून निवृत्त झालेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. जबाबदारी पूर्ण आणि हुद्दा अर्धा असला की टीमला पहिल्या दिवशी कळतं की मालकांचाच विश्वास नाही. पूर्ण द्या, आणि पत्रात एक ओळ घाला: हंगाम संपला की एप्रिलमध्ये दोघं बसू, तिला परत कोडकडे जायचं असेल तर याच पगारावर जाता येईल. त्या मुलाची बायोडेटाची अडचण आठवा. मागं यायची वाट आधीच बांधलेली असली की माणूस पुढं जायला कमी घाबरतो.

टीममध्ये आणखी कुणीतरी या जागेकडे डोळे लावून बसलं असणार. कदाचित तिच्याहून दोन वर्षं जुना कुणी. सगळ्यांना मेल जायच्या आधी त्याला एकट्याला भेटून सांगा, आणि का नाही ते खरं सांगा. "पुढच्या वेळी तूच" असलं काही बोलू नका. कालपर्यंत बरोबर चहा पिणारी आज आपलं अप्रेझल करणार, हे गिळायला कुणालाही वेळ लागतो. पहिलं अप्रेझल तुम्ही तिच्याबरोबर बसून करा, दुसऱ्यापासून तिचं ती.

राहिला पगार. बाहेरच्याला दुप्पट द्यायची तुमची तयारी होती, शिवाय कन्सल्टन्सीमार्फत आला असता तर वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, त्या कन्सल्टन्सीला. म्हणजे पैसे आहेत. तरी मला माहितेय तुम्ही तिला १५ टक्के वाढ द्याल आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणाल, कारण बढतीला एवढंच देतात. तिला निदान ४० टक्के द्या. एचआर म्हणेल धोरणात बसत नाही. ४० माणसांच्या कंपनीत धोरण म्हणजे तुम्हीच. एप्रिलमध्ये आर्किटेक्ट आला की त्याचा आकडा आठवड्याभरात कॅन्टीनमध्ये पोहोचेल. त्या दिवशी तिला स्वतःची किंमत बाजारात जाऊन विचारायची वेळ येऊ नये एवढं अंतर ठेवा.

पत्र ऑगस्टच्या पगाराबरोबर हातात द्या. लीड जायला तेव्हा एक महिना असेल. त्या महिन्यात दोघांना मिळून निदान तीन कारखान्यांवर काट्याच्या तपासणीला पाठवा, सकाळी निघून रात्री परत. केटी डॉक्युमेंटमध्ये येत नाही ती गाडीत येते. फक्त त्या गाडीत तुम्ही बसू नका.